वाईटपणा कोण घेणार? भीती सोबत घेऊन टीम चालवायची एक पद्धत

टीमची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा टीममधले एक सहकारी माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे होते. दर महिन्याचा अहवाल त्यांच्याकडे असायचा आणि त्यात दर महिन्याला चुका असायच्या. बेरीज जुळायची नाही, एखाद्या रकान्यात मागच्याच महिन्याचा आकडा राहून गेलेला असायचा. मी काय करायचे? रात्री जेवणं आटोपली की लॅपटॉप उघडून तो अहवाल गुपचूप दुरुस्त करायचे आणि सकाळी वर पाठवून द्यायचे. त्यांनी विचारलं तर "छान झालाय" म्हणायचे. असं तीन महिने चाललं. मनातल्या मनात मी याला समजूतदारपणा म्हणत होते. वयाने मोठा माणूस, कशाला दुखवा!

चौथ्या महिन्यात मी आजारी पडले आणि अहवाल जसाच्या तसा वर गेला. मग बोलणं भागच होतं. मी घसा खाकरला, इकडचं तिकडचं बोलले आणि शेवटी एकदाचं सांगून टाकलं. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, मग तीन महिने काय करत होतीस? मला वाटलं, सगळं नीट चाललंय."

समजूतदारपणा वगैरे काही नव्हता तो. मला वाईटपणा घ्यायचा नव्हता, एवढंच. आणि त्याचा भुर्दंड त्यांना पडला. तीन महिने त्यांना सुधारायची संधीच मिळाली नाही, आणि चूक उघडी पडली ती थेट वरिष्ठांपुढे.

नेतृत्व करणाऱ्याची भीती अशीच असते. ती भीतीच्या रूपात समोर येत नाही. समजूतदारपणा, काटेकोरपणा, 'सगळ्यांना विचारून घेऊ', 'अजून थोडी माहिती येऊ दे' अशी भल्या माणसाची नावं लावून येते. म्हणून पुढच्या पायऱ्या भीती घालवण्याच्या नाहीत. भीती कुठे लपली आहे ते शोधायचं आणि तिथेच एकेक लहान कृती करत जायची, अशी ही पद्धत आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा

भीती पूर्ण जाईल आणि मग मी नेतृत्व करीन, असं ठरवलं असेल तर तो बेत सोडून द्या. धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग इशारा देतो, अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, पोटात गोळा येतो. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली 'लढा किंवा पळा' अशी या प्रतिक्रियेची मांडणी केली. ही यंत्रणा फार जुनी आहे. अंगावर धावून येणारं जनावर आणि भुवया उंचावून बसलेले वरिष्ठ यांत ती फारसा भेद करत नाही. कार्यालयात लढताही येत नाही आणि पळताही येत नाही, म्हणून आपण तिसरा मार्ग काढतो: चालढकल.

थोडी धाकधूक कामाचीच असते. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की काम अवघड असेल तर मध्यम ताणात शिकणं चांगलं होतं आणि ताण फार वाढला की बिघडतं. उंदरांवरून माणसाबद्दल किती बोलावं हा वेगळा प्रश्न, पण महत्त्वाच्या बैठकीआधी अजिबातच काही न वाटणारे लोक तयारीही तशीच करून येतात, हे मी पाहिलं आहे.

मात्र रात्र-रात्र झोप नाही, अचानक श्वास कोंडतो, कामावर जायच्या विचाराने रोज सकाळी मळमळतं, असं होत असेल तर तो लेख वाचून सुटणारा प्रश्न नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्यावर चांगले उपचार आहेत.

पहिली पायरी: भीती मनात नाही, कामात शोधा

"मला कशाची भीती वाटते?" असं स्वतःला विचारलंत तर मन साळसूदपणे सांगेल, "कशाचीच नाही." त्यापेक्षा मागच्या महिन्याचं कॅलेंडर आणि कामांची यादी समोर घ्या आणि तीन गोष्टींवर खुणा करा. तीनपेक्षा जास्त वेळा पुढे ढकललेलं काम. दुसऱ्याचं असून तुम्ही स्वतः केलेलं काम. आणि अशी प्रत्येक बैठक, जिथे बोलायचं ते आत बोलला नाहीत आणि बाहेर आल्यावर चहा घेताना बोललात.

अर्ध्या तासात नकाशा तयार होतो. मग प्रत्येक खुणेमागे काय आहे ते बघा. बहुतेक वेळा चारातलं एक काहीतरी सापडतं.

एक, वाईटपणाची भीती. लोकांना मी आवडेनासा होईन, ही. आपल्याकडे भीड ही भिकेची बहीण असं उगाच म्हणत नाहीत. भिडस्त प्रमुखाच्या टीममध्ये नीट काम करणारा मरमर राबतो आणि टाळणारा सुखात असतो, कारण जो ऐकतो त्यालाच काम सांगितलं जातं.

दोन, उघडं पडण्याची भीती. 'मला यातलं खरं म्हणजे काही येत नाही, एक दिवस सगळ्यांना कळणार.' पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली कर्तबगार स्त्रियांमध्ये हा अनुभव नोंदवला. पुढे तो पुरुषांतही सर्रास आढळला. झाकली मूठ सव्वा लाखाची या हिशेबाने अशी माणसं प्रश्न विचारत नाहीत, आणि प्रश्न विचारत नाहीत म्हणून खरोखरच मागे पडतात.

तीन, चुकण्याची भीती. ती निर्णय लांबवते. चार, सूत्रं हातातून सुटण्याची भीती. ती प्रत्येक ईमेलमध्ये स्वतःला प्रत ठेवायला लावते.

बहुतेकांत एक मुख्य असते. माझी पहिली होती. तुमची ओळखा, चारही एकदम हाताळायला जाऊ नका.

दुसरी पायरी: भीतीचं वाक्य पूर्ण लिहा

'मला टेन्शन येतं' हे अर्धं वाक्य झालं. ते असं पूर्ण करा: 'मी अमुक केलं, तर तमुक होईल.' माझं वाक्य होतं: 'मी त्यांना चुका सांगितल्या, तर ते दुखावतील, बाकीच्यांना माझ्याविरुद्ध सांगतील आणि टीममध्ये मला कोणी विचारणार नाही.'

कागदावर उतरलं की त्या वाक्याचं रूप बदलतं. ते भाकीत होतं, आणि भाकीत तपासता येतं. बाजूला लिहा: असं होण्याची शक्यता मला शंभरात किती वाटते? मी सत्तर लिहिले असते. आणि झालंच तर मी काय करीन, तेही एका ओळीत लिहा. ही दुसरी ओळ लोक गाळतात. गाळू नका, खरी धार तिथेच बोथट होते. 'ते दुखावले तर दोन दिवस जाऊ देईन आणि पुन्हा बोलायला बसेन' एवढं लिहिल्यावर त्या 'दुखावतील'चं ओझं अर्ध्यावर येतं. भावनेला नुसतं नाव दिलं तरी अमिग्डालाची हालचाल मंदावते, असं मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने २००७ साली मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं होतं.

प्रसंग घडून गेल्यावर त्याच पानावर लिहा: प्रत्यक्षात काय झालं? पाच-सहा नोंदी झाल्या की तुमच्या भाकितांची लायकी तुम्हालाच कळते.

कधी कधी भाकीत खरंही असतं. वरिष्ठ खरोखर डूख धरणारे असतात, विरोधात बोलल्यावर बढती खरोखर अडते. अशा वेळी 'घाबरू नका' हा सल्ला बेजबाबदार आहे. तिथे भीती तुम्हाला खरी माहिती देते आहे. लेखी ठेवा, सोबत कोणाला घ्या, कधी बोलायचं ती वेळ निवडा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस हे खरंच, पण प्रत्येक राक्षस कल्पनेतलाच असतो असंही नाही.

तिसरी पायरी: शिडी लावा

१९२४ साली मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाच्या भीतीवरचं काम प्रसिद्ध केलं. पीटर सशाला घाबरायचा. त्याला 'ससा चावत नाही रे' असं समजावण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. पीटर आवडीचं काही खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत लांब ठेवायचा, तो शांत राहिला की दुसऱ्या दिवशी थोडा जवळ आणायचा, असं करत शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. आजही भीतीवरच्या उपचारांचा गाभा हाच आहे: थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, आणि मधेच न पळता.

वाईटपणाच्या भीतीसाठी मी लावलेली शिडी अशी होती:

१. बैठकीची वेळ गैरसोयीची असेल तर 'मला ही वेळ जमणार नाही' असं कारणांची लांबण न लावता सांगायचं.
२. आलेल्या मजकुरातली एक छोटी चूक त्याच दिवशी, ज्याची त्याला दाखवायची.
३. बैठकीत एकदा 'मला हे पटत नाही' म्हणायचं आणि का ते एका वाक्यात सांगायचं.
४. बरोबरीच्या सहकाऱ्याने टाकलेलं जादा काम नाकारायचं.
५. टीममधल्या एकाशी कामाच्या दर्जाबद्दल समोरासमोर बोलायचं.
६. वरिष्ठांना सांगायचं की दिलेली मुदत पाळणं शक्य नाही.

तुमची शिडी वेगळी असेल. खालची पायरी इतकी लहान हवी की करताना थोडं हसू यावं. एका पायरीवर तीन-चार वेळा जा. धडधड कमी झाल्याशिवाय वर चढू नका, आणि कमी झाल्यावर तिथेच रेंगाळूही नका.

इथे एक सापळा आहे. टाळलेलं बोलणं रद्द झालं की फार बरं वाटतं. ते गृहस्थ रजेवर गेले, बैठक पुढे गेली, सुंठीवाचून खोकला गेला! ही सुटका गोड लागते म्हणूनच घातक आहे. मेंदू त्यातून शिकतो की पळालो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होऊन येते. म्हणून बोलणं हुकलं तर त्याच क्षणी पुढची तारीख टाकायची.

चौथी पायरी: अवघड बोलणं

प्रमुखाच्या कामातला सगळ्यांत जास्त टाळला जाणारा भाग हाच, म्हणून इथे जरा थांबू.

आधी वेळ मागा आणि विषय सांगा. "उद्या अकराला अर्धा तास बोलू या का? अहवालातल्या चुकांबद्दल बोलायचं आहे." विषय न सांगता 'जरा भेटा' म्हणालात तर समोरच्याचा जीव रात्रभर टांगणीला लागतो, आणि तो लढायच्या तयारीने येतो.

पहिलं वाक्य लिहून पाठ करा. फक्त पहिलंच. आपण अडखळतो ते तिथे. हवापाण्याच्या गप्पांनी सुरुवात केली की विषयावर यायला पंधरा मिनिटं जातात आणि समोरच्याला ते कळत असतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

मग तीन गोष्टी, याच क्रमाने: काय दिसलं, त्याचा परिणाम काय झाला, आणि एक खरा प्रश्न. उदाहरणार्थ: "या महिन्याच्या अहवालात चार ठिकाणी बेरीज चुकली होती. त्यामुळे तो परत आला आणि आपले दोन दिवस गेले. हे कशामुळे होतंय, असं तुम्हाला वाटतं?" यात 'तुम्ही निष्काळजी आहात' कुठेही नाही. निष्काळजी हा तुमचा निष्कर्ष झाला. चार चुकलेल्या बेरजा दाखवता येतात.

प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. हे सगळ्यांत जड जातं. पाच सेकंदांची शांतता घाबरलेल्या माणसाला पाच मिनिटांसारखी वाटते आणि तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो: "नाही म्हणजे, कामाचा ताण असेल, मी समजू शकते…" झालं, गेलं बोलणं पाण्यात. माझ्या त्या सहकाऱ्यांनी शांततेनंतर जे सांगितलं ते मी सात जन्मात ओळखलं नसतं. त्यांना मिळणारी आकड्यांची फाइल महिन्याच्या शेवटच्या दुपारी बदलून यायची, आणि बदललेली आहे हे कोणी सांगायचंच नाही. निम्म्या चुका त्यांच्या नव्हत्याच.

टीकेच्या आधी आणि नंतर स्तुती पेरायचा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. दोन वेळा तसं झालं की तुमची खरी स्तुतीही कोणी खरी मानत नाही. 'छान काम' ऐकलं की माणूस पुढच्या 'पण'ची वाट बघतो. स्तुती वेगळ्या दिवशी, वेगळ्या कारणासाठी, मोकळेपणाने करा.

समोरचा चिडला तर? आवाज खाली ठेवून एवढंच म्हणा, "तुम्हाला राग आला हे समजतंय. मला तुमची बाजू ऐकायची आहे." रडू आलं तर पाणी द्या, थांबा, पण विषय मागे घेऊ नका, 'जाऊ दे, एवढं काही नाही' म्हणालात की आधीचं सगळं खोटं ठरतं. उलट तुमच्याच चुका काढल्या तर लिहून घ्या आणि सांगा की यावर उद्या बोलू. बहुधा त्यात काहीतरी तथ्य असतं.

उठण्याआधी पुढचं ठरवा: कोण, काय, कधीपर्यंत. आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाशी एरवीसारखं बोला. बोलणं झाल्यावर प्रमुखच लाजून तोंड चुकवत फिरला तर समोरच्याला ती शिक्षा वाटते.

पाचवी पायरी: निर्णय, आणि त्याची मालकी

निर्णयाला घाबरणाऱ्याने प्रथम एकच प्रश्न विचारावा: हा मागे घेता येईल का? बहुतेक निर्णय मागे घेता येतात. बैठकीचा वार, कामाची वाटणी, नवी पद्धत महिनाभर वापरून बघणं, अशा गोष्टींवर आठवडाभर डोकं शिणवणं म्हणजे भीतीला फुकट पोसणं. अशा निर्णयांना त्याच दिवसाची मुदत द्या. माणूस कायमचा घेणं किंवा काढणं, मोठा करार, लोकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न, यांना मात्र वेळ द्या.

मोठ्या निर्णयासाठी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची एक युक्ती कामाची आहे. टीमला सांगायचं: "समजा, एक वर्ष गेलं आहे आणि हे काम साफ फसलं आहे. का फसलं, ते प्रत्येकाने दोन-तीन ओळींत लिहा." 'काही धोका दिसतोय का?' असं विचारलं तर लोक मान हलवून मम म्हणतात. फसलं असं गृहीत धरलं की शंका काढणं हेच काम होतं, आणि कोणाला वाईटपणा येत नाही.

मालकीची गोष्ट मात्र कोणत्याही युक्तीने सुटत नाही. ५ जून १९४४ रोजी, नॉर्मंडीवरच्या चढाईच्या आदल्या दिवशी, दोस्त राष्ट्रांचे सरसेनापती आयझेनहॉवर यांनी एक छोटी चिठ्ठी लिहिली. चढाई फसली तर जाहीर करायचं निवेदन होतं ते. घाईत की ताणात, त्यावर तारीख चुकून ५ जुलै पडली. चिठ्ठीतली खाडाखोड बघण्यासारखी आहे. आधी लिहिलं होतं, 'सैन्य मागे घेण्यात आलं आहे.' ते खोडून केलं, 'मी सैन्य मागे घेतलं आहे.' शेवटी लिहिलं की या प्रयत्नात काही दोष असेल तर तो एकट्या माझा आहे, आणि त्या शब्दांखाली रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी चढाई यशस्वी झाली आणि चिठ्ठी पाकिटातच राहिली.

'घेण्यात आलं'चं 'मी घेतलं' होणं हा सराव रोज करता येतो. मराठी कार्यालयीन भाषेत कर्ता लपवणाऱ्या वाक्यांची चैन आहे: निर्णय घेण्यात आला, विलंब झाला, लक्षात आणून देण्यात आले. भीतीला लपायला यापेक्षा उबदार जागा नाही. आठवडाभर तुमच्या ईमेलमधली अशी वाक्यं शोधा आणि कर्ता परत घाला. 'कळवायचं राहून गेलं' ऐवजी 'मी कळवलं नाही.' पहिल्यांदा बोटं अडतात.

सहावी पायरी: काम सोडून द्यायला शिका

सूत्रं सुटण्याची भीती असेल तर एक काम निवडा, जे दुसऱ्याने तुमच्या ऐंशी टक्के चांगलं केलं तरी चालेल. सोपवताना काय हवं आणि कधी हवं ते नेमकं सांगा. कसं करायचं ते सांगू नका. मधे एकदाच विचारायचं, आणि ती तारीख आधीच ठरवायची. त्या तारखेपर्यंत हात घट्ट बांधून बसा. काम परत आल्यावर तुम्ही स्वतः दुरुस्त केलंत तर सोपवलंच नाही असं समजा. मीही तेच करत होते, तीन महिने, रात्री, घरी बसून.

सातवी पायरी: चार लोकांसमोर बोलणं

मोहनदास गांधी नावाचा तरुण बॅरिस्टर मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्या खटल्यासाठी उभा राहिला. उलटतपासणी करायची होती. डोकं गरगरलं, एकही प्रश्न सुचेना. तो खाली बसला, अशिलाच्या माणसाला म्हणाला की माझ्याच्याने होणार नाही, दुसरा वकील बघा, आणि घेतलेली ३० रुपयांची फी परत देऊ केली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्यानंतर थोड्याच काळात, १८९३ साली, प्रिटोरियातल्या भारतीयांना एकत्र बोलावून हाच माणूस भाषण करतो. विषय होता व्यापारातला सचोटीचा व्यवहार. आयुष्यातलं ते आपलं पहिलं जाहीर भाषण, असं ते सांगतात. त्यांचं लाजाळूपण काही एकाएकी पळालं नव्हतं. मला वाटतं, मधे बदललं ते लक्ष. कोर्टात सारं लक्ष 'मी कसा दिसतोय' इथे होतं. प्रिटोरियात ते समोरच्यांना काय सांगायलाच हवं, इथे होतं.

म्हणून तयारी करताना पहिला प्रश्न 'मी काय बोलू' हा नको. 'हे लोक उठून जाताना काय घेऊन जायला हवेत' हा हवा. ते एका वाक्यात आलं की बाकीचं त्याभोवती बसतं. आणि लोकांचं आपल्याकडे आपल्याला वाटतं तितकं लक्ष नसतं. मानसशास्त्रज्ञ गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टीशर्ट घालून खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल असं घालणाऱ्यांना वाटलं. प्रत्यक्षात साधारण चौथ्या हिश्श्याच्याच लक्षात आला होता. तुमचा थरथरणारा हात पहिल्या रांगेलासुद्धा बहुधा दिसत नाही.

आठवी पायरी: आता लोक तुम्हाला घाबरतात का, ते बघा

हा भाग भीतीवरच्या सल्ल्यांत हटकून राहून जातो. प्रमुख निर्भय होतो आणि टीम गप्प होते, असंही घडतं.

२७ जानेवारी १९८६ च्या रात्री चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाच्या उड्डाणाआधी दूरध्वनीवरून बैठक झाली. अग्निबाण बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांचं म्हणणं होतं की एवढ्या थंडीत जोडांमधली रबरी कडी नीट काम करणार नाही, उड्डाण करू नये. प्रतिकूल मत ऐकून पलीकडून, नासाच्या अधिकाऱ्यांकडून, नाराजी आली. मग कंपनीच्या चार व्यवस्थापकांनी आपसात मत घेतलं आणि होकार दिला. अभियंत्यांचं मत त्या वेळी मोजलंच गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सात अंतराळवीर गेले. माहिती खोलीत हजर होती. ती ऐकण्याची जागा नव्हती.

एमी एडमंडसन या संशोधिकेने रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या गटांत औषधांच्या चुकांची नोंद कमी असेल अशी त्यांची अपेक्षा होती. निघालं उलटंच: चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर दिसलं की तिथले लोक चुका मोकळेपणाने सांगत होते. म्हणजे तुमच्यापर्यंत वाईट बातमी येतच नसेल, तर आनंद मानण्याआधी जरा चौकशी करा.

करायच्या गोष्टी थोड्या आहेत. वाईट बातमी आली की तोंडातून निघणारं पहिलं वाक्य आधीच ठरवून ठेवा: "बरं झालं लगेच सांगितलंत." मग माहिती विचारा. 'कोणी केलं' हे सर्वांत शेवटी, लागलंच तर. बैठकीत तुमचं मत सर्वांत शेवटी सांगा, नाहीतर बाकीचे तेच मत वेगळ्या शब्दांत परत करतात. महिन्यातून एकदा स्वतःची एक चूक सगळ्यांसमोर, नेमकी, रडगाणं न गाता सांगा. आणि कोणी तुमच्या विरोधात बोललं तर पुढचे दोन दिवस स्वतःकडे लक्ष ठेवा, कारण बाकीचे ठेवूनच आहेत.

त्या बोलण्यानंतर वर्षभराने एका सकाळी तेच सहकारी माझ्या टेबलापाशी आले. अजून मी बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती. "काल रात्री पाठवलेल्या फाइलमध्ये माझी एक मोठी चूक झाली आहे," ते म्हणाले, "वरून फोन यायच्या आधी तुला सांगतोय." माझ्या पोटात गोळा आलाच. मी बॅग ठेवली, खुर्ची त्यांच्याकडे सरकवली आणि म्हणाले, "बरं झालं लगेच सांगितलंत. कुठली फाइल?"